डबल बेल

वितोल्द लुतोस्वाफ्स्की या पोलिश संगीतकाराचे दिवस दोन तऱ्हेचे असत. काही घरचे, म्हणजे वॉर्साच्या झोलिबोश भागात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत दार लावून बसायचे. काही परगावचे, अनोळखी वाद्यवृंदापुढे उभं राहून आपलीच रचना बसवून घ्यायचे. खाली मांडलेला दिवस कॅलेंडरवर शोधू नका. १९६८ नंतरच्या पंचवीस वर्षांतले दोन्ही तऱ्हेचे दिवस एकावर एक ठेवून मी तो शिवला आहे. घड्याळ माझं, त्यातलं काम त्यांचं.

सकाळी ८

श्म्यावा रस्ता, घर क्रमांक ३९. ‘श्म्यावा’ म्हणजे धीट. ज्या माणसाबद्दल सगळे ‘फार सभ्य, फार मोजकं बोलणारे’ असंच सांगतात त्याचा पत्ता धीट रस्त्यावरचा असावा, हे मला आवडतं. इथे ते १९६८ मध्ये राहायला आले, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. आधीची वीसेक वर्षं विस्तुला नदीपलीकडच्या साधारण फ्लॅटमध्ये गेली होती. संगीतकाराला फ्लॅटमध्ये एकच शत्रू असतो: शेजाऱ्याचा रेडिओ. कान बंद करता येत नाहीत, आणि डोक्यात ऐंशी वाद्यं एकदम वाजत असताना भिंतीपलीकडून कुणाचा तरी वॉल्ट्झ येऊ लागला की ती ऐंशी गप्प होतात. स्वतंत्र घर घेतलं ते ऐटीसाठी नव्हे, शांततेसाठी.

चहा, न्याहारी, मग जिना. वरच्या खोलीत पियानो, टेबल, कागद. काम रोज. सुचलं तर बसू, असा प्रकार नव्हता. आपल्याकडे याला रियाज म्हणतात. फरक इतकाच की इथे तंबोऱ्याच्या जागी पेन्सिल आणि खोडरबर.

सकाळी ९

टेबलावर एक उभी पट्टी आहे, आणि तिच्यावर खालून वर एकावर एक बारा स्वर. हे काय चाललंय ते जवळून पाहू, कारण या माणसाचं निम्मं काम या पट्टीत आहे.

हार्मोनियमवर सा पासून वरच्या सा पर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या. त्या सगळ्या एकदम दाबल्या तर काय होईल? घरी लहान मूल असेल तर त्यानं कोपर ठेवून दाखवलंच असेल. गोंगाट. विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य संगीतानं हे बारा स्वर समान मानायचं ठरवलं, तेव्हा अनेकांच्या हाती शेवटी तो करडा गोंगाटच आला. सगळे रंग मिसळल्यावर येतो तसा. लुतोस्वाफ्स्कींनी वेगळी युक्ती शोधली. बारा स्वर घ्यायचेच, पण एका सप्तकात कोंबायचे नाहीत. वाद्यवृंदाच्या तळापासून टोकापर्यंत पसरायचे, आणि लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर ठरावीकच ठेवायचं. एका रचनेत फक्त षड्ज-मध्यमाची अंतरं, दुसऱ्या रचनेत कोमल ऋषभाएवढं अंतर आणि त्याच्या जोडीला आणखी एखादं, बस्स. स्वर तेच बारा, पण एक जुळणी काचेसारखी थंड लागते, दुसरी लोकरीसारखी उबदार. मसाले तेच असून गोडा आणि कांदा-लसूण वेगळे लागतात, तसं काहीसं. अशा जुळण्या ते वर्षानुवर्षं कागदावर मांडत, तपासत, जपून ठेवत. तरुणपणी दोन वर्षं वॉर्सा विद्यापीठात गणित शिकले होते. पदवी न घेताच सोडलं, पण गणितानं त्यांना सोडलं नाही असं या पट्ट्या पाहून वाटतं.

रचना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग लिहायची, अशी त्यांची पद्धत नव्हती. आधी कल्पना सुचत: एक आवाज, एक हालचाल, एक रंग. त्यांना ते ‘कळीच्या कल्पना’ म्हणत. त्यांची नोंद करायची आणि त्या पिकू द्यायच्या. त्यातली कुठली कोणत्या रचनेत जाईल, आरंभी जाईल की शेवटी, हे पुढचं काम. म्हणून तर तिसऱ्या सिम्फनीला दहा वर्षं लागली. शिकागोच्या वाद्यवृंदानं मागणी केली, कच्चं काम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं, मध्ये लिहिलेलं बरंच बाजूला पडलं, आणि जानेवारी १९८३ मध्ये शेवटची रेघ ओढली गेली. अर्ध्या तासाचं संगीत. दहा वर्षांत असल्या किती सकाळी येतात, हिशेब तुम्हीच करा.

सकाळी ११

पेन्सिल खाली ठेवून ते पियानोपाशी जातात, रचलेलं बोटांनी तपासून पाहायला. ती बोटं साधीसुधी नव्हेत. युद्धाच्या काळात त्याच बोटांनी घर चालवलं होतं.

सप्टेंबर १९३९. लुतोस्वाफ्स्की सव्वीस वर्षांचे, पोलिश सैन्यात रेडिओ पथकावर. जर्मनांच्या हाती सापडले, आठवड्याभरात निसटले आणि साधारण ४०० किलोमीटर चालत वॉर्साला पोहोचले. व्यापलेल्या शहरात पोलिश लोकांच्या मैफिलींना बंदी. वाजवायला परवानगी होती ती कॅफेत, गिऱ्हाइकांच्या कपबश्यांच्या आवाजात. मग त्यांनी आणि त्यांच्याच वयाच्या आंद्झेय पानुफनिक या संगीतकारानं दोन पियानोंची जोडी जमवली. ‘आरिया’ नावाच्या कॅफेत, मग ‘श्तूका इ मोदा’ म्हणजे ‘कला आणि फॅशन’ अशा नावाच्या दुसऱ्या एका कॅफेत. बाखपासून जाझपर्यंत सुमारे दोनशे रचना दोन पियानोंसाठी बसवल्या. जर्मनांविरुद्धच्या १९४४ च्या उठावाच्या काही दिवस आधी ते आईला घेऊन शहराबाहेर पडले, ते बॅगेत मोजकेच कागद घेऊन. शहर बेचिराख झालं आणि दोनशेपैकी एकच रचना वाचली: १९४१ ची ‘पागानिनी व्हेरिएशन्स’. दोन पियानोवादक एकत्र आले की आजही ती हटकून वाजवतात. पाच-सहा मिनिटांची आतषबाजी आहे. ऐकताना लोक टाळ्या वाजवतात. बाकीच्या एकशे नव्व्याण्णवांची आठवण कुणाला येत नाही.

पण या घराण्याची मोडतोड आधीच सुरू झाली होती. द्रोझ्दोवो गावचे हे जमीनदार. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजा जवळ आल्या म्हणून कुटुंब मॉस्कोला गेलं. वडील आणि काका पोलंडच्या स्वातंत्र्याच्या राजकारणात. क्रांतीनंतर दोघांना अटक झाली आणि सप्टेंबर १९१८ मध्ये खटला न चालवता गोळ्या घातल्या गेल्या. वितोल्द पाच वर्षांचा. दुसऱ्या महायुद्धात भाऊ हेन्रिक सोव्हिएत कैदेत सापडला आणि सैबेरियाच्या कोलिमातल्या छावणीत गेला. परत आला नाही.

इथे एक आपल्याकडची गोष्ट सांगायलाच हवी. १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून ज्यांना सोव्हिएत मुलखात हाकललं, त्यांतले सुटलेले काही हजार लोक इराणमार्गे थेट आपल्या कोल्हापूरजवळ आले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश बायका-मुलं-म्हातारी माणसं राहिली. लुतोस्वाफ्स्की कॅफेत पियानो वाजवत होते त्याच वर्षांत पंचगंगेकाठी पोलिश शाळा भरत होती. संगीतकाराशी वळिवड्याचा थेट संबंध काही नाही. पण हेन्रिकला नेणारं आणि वळिवड्याच्या मुलांना नेणारं यंत्र एकच, हे कोल्हापूरच्या वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागू नये.

दुपारी १

टपाल. मागण्या, आमंत्रणं, नम्र नकार. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, रशियन. पत्र ज्या भाषेत येई त्या भाषेत उत्तर द्यायची त्यांची तयारी होती. नकार देण्याची कला ते फार महाग पडून शिकले होते.

पहिली सिम्फनी १९४८ मध्ये कातोवित्सेला वाजली, ग्झेगोश फितेलबेर्ग यांच्या हाताखाली. पुढच्या वर्षी तिच्यावर कम्युनिस्ट सरकारकडून ‘फॉर्मॅलिझम’चा, म्हणजे जनतेला न कळणाऱ्या कसरतींचा शिक्का बसला आणि ती कार्यक्रमांतून गायब झाली. असल्या संगीतकाराला ट्रामखाली ढकललं पाहिजे, असं एका उपमंत्र्यानं म्हटल्याचं लुतोस्वाफ्स्की पुढे सांगत. वर म्हणत की तो हे गमतीनं बोलला नव्हता, खरंच चिडला होता. मला वाटतं यातला शेवटचा भागच जास्त भयंकर आहे.

मग पोटासाठी काय केलं? जे मिळेल ते. आकाशवाणी-नाटकांचं संगीत, मुलांची गाणी. युलियान तूविमच्या बालकवितांना लावलेल्या त्यांच्या चालींवर पोलंडमधल्या पिढ्या वाढल्या. लोकसंगीतावरच्या कामांतून हळूहळू ‘कॉन्चेर्तो फॉर ऑर्केस्ट्रा’ उभा राहिला. १९५४ मध्ये तो वाजला आणि सरकारसकट सगळ्यांना आवडला. त्यांना स्वतःला मात्र तो आपला मार्ग वाटत नव्हता. आतल्या खोलीत बारा स्वरांच्या पट्ट्या चालूच होत्या, फक्त त्या कुणाला दाखवायच्या नव्हत्या.

आणि एक गंमत. १९५७ ते १९६३ या काळात पोलिश रेडिओवर ‘देर्विद’ नावाचा एक गाण्यांना चाली देणारा गाजत होता. टँगो, फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, तीन डझनांच्या आसपास गाणी. हा देर्विद म्हणजे आपलेच लुतोस्वाफ्स्की. नाव घेतलं होतं स्वोवात्स्की या पोलिश कवीच्या नाटकातल्या वीणा वाजवणाऱ्या राजाचं. सकाळी बारा स्वर आणि संध्याकाळी टँगो. आपल्याकडचे सिनेमावाले संगीतकार हे वाचून हसतील, त्यांनी ते उलट्या क्रमानं केलं आहे. पुढच्या आयुष्यात लुतोस्वाफ्स्की देर्विदबद्दल फारसं बोलत नसत. मला यात लाज दिसत नाही. गाणी चांगली आहेत, विशेषतः त्यांतली उदास.

पानुफनिक १९५४ मध्ये इंग्लंडला निघून गेले आणि पोलंडमध्ये त्यांचं नाव छापायलाही कित्येक वर्षं बंदी होती. दोन पियानोंपैकी एक गेला, एक राहिला. कोण बरोबर, या वादात मी पडणार नाही. राहिलेल्यानं काय केलं एवढं सांगतो.

१३ डिसेंबर १९८१ ला पोलंडमध्ये लष्करी कायदा आला. रस्त्यावर रणगाडे, टेलिफोन मुके. त्या दिवसापासून १९८९ पर्यंत लुतोस्वाफ्स्कींनी मायदेशात व्यावसायिक कार्यक्रम घेतला नाही. परदेशात कंडक्टिंग चालू. वॉर्सात घरी राहायचं, लिहायचं, पण सरकारी मंचावर पाऊल नाही. सांस्कृतिक मंत्रालयाची पायरी चढले नाहीत, आणि मंत्र्यासोबत आपला फोटो निघणार नाही याचीही काळजी घेतली. पत्रक काढलं नाही, भाषणं ठोकली नाहीत. शिकागोत तिसरी सिम्फनी वाजली तेव्हा तिचं ध्वनिमुद्रण मात्र ग्दान्स्कला पाठवलं, संपवाल्यांना चर्चमध्ये ऐकवायला. गोदी कामगार आणि बारा स्वरांच्या रचना! १९४९ च्या उपमंत्र्याला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. भूमिगत ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेनं त्यांना १९८३ मध्ये एक पुरस्कार दिला. घरात जगभरचे मानसन्मान होते, पण याचा अभिमान त्यांना सगळ्यात जास्त होता म्हणतात.

दुपारी ३

खालच्या मजल्यावर दानुता. शिक्षणानं वास्तुविशारद, १९४६ मध्ये लग्न झालं. नवऱ्याच्या रचनांच्या सुवाच्य प्रती त्या काढत. वास्तुविशारदाचा हात, त्यामुळे पानं नकाशासारखी स्वच्छ. पण त्यांचं काम नकलेपुरतं होतं असं समजू नका.

१९६४ ची गोष्ट. स्ट्रिंग क्वार्टेट पूर्ण झालं. दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो. यात चौघांनी बराच वेळ आपापल्या गतीनं वाजवायचं होतं. लुतोस्वाफ्स्कींनी चौघांचे चार वेगळे कागद केले आणि एकत्रित स्कोअर करायला नकार दिला. रचना बसवणाऱ्या अमेरिकन क्वार्टेटला हे पटेना. स्कोअरशिवाय तालीम करायची कशी? लुतोस्वाफ्स्कींची अडचणही खरी होती. स्कोअरमध्ये चार ओळी एकाखाली एक येतात. डोळा वरून खाली जातो आणि मान्य करतो की एका उभ्या रेषेतले स्वर एका क्षणी वाजायचे. इथे तर नेमकं तेच नको होतं. कागद खोटं बोलला असता.

तिढा दानुतांनी सोडवला. त्यांनी चौघांच्या ओळी तुकड्या-तुकड्यानं वेगळ्या केल्या आणि प्रत्येक तुकडा आपापल्या चौकटीत मांडला. एका पानावर चार चौकटी: प्रत्येकाच्या आत क्रम पक्का, पण एका चौकटीचा दुसरीशी उभा धागा नाही. घराच्या नकाशात चार खोल्या असतात तशा. कोण कोणत्या खोलीत किती वेळ बसेल ते नकाशा सांगत नाही. भिंत कुठे आहे आणि दार कुठे, एवढं सांगतो. मार्च १९६५ मध्ये स्टॉकहोमला क्वार्टेट वाजलं, आणि या चौकटी लुतोस्वाफ्स्कींच्या लिपीचा भाग झाल्या. संगीताच्या इतिहासात या गोष्टीला तळटिपेत जागा मिळते. मी ती वर आणून ठेवली आहे.

दुपारी ४:३०

आता गाव बदला. लंडन, लॉस एंजेलिस, बर्लिन, कुठलंही घ्या. तालमीचा हॉल, घडीच्या खुर्च्या, अंगात स्वेटर घातलेले वादक. सडपातळ, नीटनेटका, टाय बांधलेला म्हातारा माणूस मंचावर येतो. कंडक्टर म्हणून तो फक्त स्वतःच्या रचना घेतो. बीथोव्हेन वगैरे करायला इतर आहेत.

या वाटेला ते नियमित लागले पन्नाशीत. १९६३ मध्ये झाग्रेबला आन्री मिशोच्या कवितांवरची त्यांची रचना झाली. तिला दोन कंडक्टर लागतात, एक गायकवृंदासाठी आणि एक वाद्यांसाठी. वाद्यांची बाजू त्यांनी स्वतः घेतली. कारण व्यवहारी होतं: जे त्यांना हवं होतं ते शब्दांत सांगून कळत नव्हतं, हातानं दाखवावं लागत होतं.

काय हवं होतं? १९६० मध्ये त्यांनी रेडिओवर जॉन केजच्या पियानो कॉन्चेर्तोचा एक तुकडा ऐकला. केज म्हणजे योगायोगाच्या हाती सगळं सोपवणारा अमेरिकन. लुतोस्वाफ्स्कींना त्याचं तत्त्वज्ञान पटलं असं नाही, पण ऐकता-ऐकता स्वतःचं काहीतरी सुचलं: वादकांना एका मात्रेत न बांधता वाजवू दिलं तर आवाजाचं पोत किती वेगळं होईल! पुढच्याच वर्षी ‘व्हेनिशियन गेम्स’ ही रचना व्हेनिसला वाजली. तिचं हस्तलिखित त्यांनी नंतर केजलाच देऊन टाकलं.

तर तालीम. एरवी कंडक्टर हातानं मात्रा दाखवतो, एक-दोन-तीन-चार, आणि ऐंशी माणसं त्या हाताला बांधलेली. लुतोस्वाफ्स्कींच्या ‘आद लिबितुम’ भागात, म्हणजे मोकळ्या भागात, कंडक्टर एक इशारा करतो आणि हात खाली घेतो. नुसता उभा राहतो. वादक आपापल्या चौकटीतले स्वर आपापल्या गतीनं वाजवतात. पुढच्या इशाऱ्यावर पुढची चौकट. मराठी माणसाला हे चटकन कळावं, कारण आपल्याकडे ‘कंडक्टर’ म्हटलं की आधी एस्टी आठवते. डबल बेल कंडक्टर देतो, गाडी ड्रायव्हर चालवतो. चढावर गिअर कधी बदलायचा हे कंडक्टर ड्रायव्हरला सांगत नाही. थांब्यावर मात्र त्याची बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाही.

गंमत म्हणजे ही मोकळीक वादकांना जड जाते. वाद्यवृंदातला माणूस लहानपणापासून शेजाऱ्याचं ऐकून त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकलेला. मोकळं सोडलं की दोन मिनिटांत आठ व्हायोलिनं नकळत एका ठेक्यात येतात. आणि मग मंचावरच्या सभ्य गृहस्थाला सांगावं लागतं की शेजाऱ्याकडे लक्ष देऊ नका, एकटे आहात असं समजून वाजवा. पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत वादकाला कुठल्याही कंडक्टरनं हे सांगितलेलं नसतं.

ख्याल ऐकणाऱ्याला वाटेल, हे तर आलापच झाले. तसं नाही, आणि या बाबतीत ते फार कडक होते. इथे वादकाला एकही स्वर मनानं घ्यायची मुभा नाही. प्रत्येक स्वर लिहिलेला, त्याचा जोर लिहिलेला. सैल सोडलंय ते एकच: तुझा स्वर आणि शेजाऱ्याचा स्वर नेमके कधी आपटतील. आपल्या गवयाला स्वर मोकळे आणि सम बांधलेली. लुतोस्वाफ्स्कींच्या वादकाला स्वर बांधलेले आणि सम गायब. शिवाय सगळ्यांचे स्वर मिळून सकाळच्या पट्टीवरची ती बारा स्वरांची जुळणीच बनते, त्यामुळे कोण पुढे गेला नि कोण मागे राहिला तरी एकूण रंग बिघडत नाही. मोकळीक आहे, पण ती देण्याआधी सगळे अपघात मोजून ठेवलेले. ज्याच्या घरात अपघात न मोजता शिरले त्याला हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही. त्यांना स्वतःला मात्र असले चरित्राचे धागे संगीताला बांधलेले आवडत नसत. मी बांधला, त्याची जबाबदारी माझी.

रात्री ८

मैफल. तिसरी सिम्फनी. सुरुवातीलाच चार ठोके: एकच स्वर, ‘ई’, सगळ्या ताकदीनिशी, धडाधड. डबल बेल कसली, ही चौबेल. मग वाऱ्यावर सोडल्यासारखी वाद्यं विखुरतात, रेंगाळतात, आणि पुन्हा ते चार ठोके येऊन त्यांना उठवतात. मी ही सिम्फनी पहिल्यांदा ऐकली लोकलमध्ये, हेडफोनवर, आणि सवयीनं मांडीवर मात्रा मोजायला गेलो. तिसऱ्या मिनिटाला हात थांबला. मोजण्यासारखं काही हाती लागेना, आणि तरीही पुढे काहीतरी नेमकं घडणार आहे हे कळत होतं. शेवटी पुन्हा तेच चार ‘ई’. संपलं.

शिकागोत २९ सप्टेंबर १९८३ ला पहिल्यांदा ती वाजवली गेऑर्ग शोल्टींनी. पुढे लुतोस्वाफ्स्कींनी बर्लिन फिलहार्मोनिककडून स्वतः वाजवून घेतली आणि ध्वनिमुद्रित केली. ऐकायची तर ती ऐका. जगातले सगळ्यात शिस्तीचे म्हणवणारे वादक आपापल्या गतीनं चालताना त्यात सापडतील.

याच सिम्फनीला १९८५ मध्ये अमेरिकेतला ग्रॉमायर पुरस्कार मिळाला. तो पहिल्यांदाच दिला जात होता, रक्कम दीड लाख डॉलर. ती त्यांनी तरुण पोलिश संगीतकारांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी देऊन टाकली. दार लावून बसणाऱ्यानं दुसऱ्यांसाठी दार उघडलं वगैरे लिहायचा मोह होतो, आवरतो.

रात्री ११

हॉटेलची खोली. डोक्यात उद्याच्या सकाळचं काम. शेवटच्या वर्षांत ते काम होतं आने-सोफी मुटरसाठी व्हायोलिन कॉन्चेर्तोचं. फेब्रुवारी १९९३ मध्ये ऐंशीव्या वर्षी लॉस एंजेलिसला चौथी सिम्फनी स्वतः उभं राहून वाजवून घेतली, त्याच वर्षी क्योटोचा पुरस्कार घ्यायला जपानला गेले. नंतर कॅन्सर निघाला. ७ फेब्रुवारी १९९४ ला वॉर्सात गेले. दानुता त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेल्या. व्हायोलिन कॉन्चेर्तो कच्च्या कागदांपलीकडे गेला नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर तिसऱ्या सिम्फनीपासून नको, चेलोवादक रोस्त्रोपोविचसाठी लिहिलेल्या १९७० च्या चेलो कॉन्चेर्तोपासून करा. चोवीस मिनिटांचा आहे. सुरुवातीला चेलो एकटाच, एकच स्वर, सेकंदाला एक, घड्याळासारखा आणि बेफिकीर. साधारण चार मिनिटांनी ट्रम्पेट येऊन त्याला अडवतात. तोवर फोन बाजूला ठेवा.